पास्कलकाकांची चार चाकं

वसईतल्या होळी गावच्या पास्कलकाकांशेजारी लग्नात जेवायला बसलात, तर ताटलीतला पाव गेलाच म्हणून समजा. काकांना चार पाव लागतात, चार चाकांसाठी. मधे मटणाची वाटी येते, तिच्या दोन्ही बाजूंना एकेक चमचा लागतो आणि प्रवचन सुरू होतं. "ही ट्रान्सफर केस. इंजिनाची ताकद गिअरबॉक्समधून हिच्यात येते. मग ही थोडी पुढच्या चाकांना देते, थोडी मागच्या." ऐकणारा जांभई द्यायला लागला की काका शांतपणे एक पुढचं चाक खाऊन टाकतात.

वालीवच्या एका गॅरेजात त्यांची हयात गेली. काम सोडताना त्यांनी लिलावातला एक जुना फोर-व्हील ड्राइव्ह ट्रक घेतला आणि केळीच्या वाडीत आणून उभा केला. दर रविवारी चर्चमधली मिस्सा आटोपली की काका त्याच्याखाली. मी एकदा हौसेने म्हटलं, "पुढची चाकं जोडा ना, फिरून येऊ." त्यांनी मला अडाणी ठरवलं.

"कोरड्या रस्त्यावर वळताना पुढच्या चाकांना जास्त धावायला लागतं. मागच्यांशी बांधून ठेवलंस तर भांडतात. वाळू, चिखल लागला तरच जोडायचं."

वसईत दोन्ही भरपूर, पण काकांना बोलवायचं कुणाला सुचत नसे.

काकू गेल्या, मुलगा कॅनडात. त्याने फोनवरच ठरवून टाकलं की ट्रक भंगारात घालायचा, भंगारवाला मंगळवारी येईल. काका हो म्हणाले. पण त्या आठवड्यातल्या लग्नात त्यांनी पाव नुसता खाल्ला. मला फार वाईट वाटलं.

रविवारी दुपारी माझ्या मेव्हण्याने नवी कोरी गाडी फोटोसाठी किनाऱ्यावर पार पाण्यालगत नेली. चाकं रुतली. ओढायला टेम्पो आला, तोही रुतला. भरती चढत होती आणि मेव्हणा रडकुंडीला आला होता. मी काकांना फोन लावला.

काका मिस्साच्या पांढऱ्या शर्टातच ट्रक घेऊन आले. टायरमधली थोडी हवा सोडली, दोर बांधला, गिअरशेजारचा दुसरा दांडा ओढून पुढची चाकं जोडली.

"अंकल, जोरात रेस द्या," मेव्हणा म्हणाला.

"धावायचं नाय. ओढायचं."

चारही चाकांनी वाळू धरली. ट्रक मुंगीच्या पावलाने निघाला आणि त्याच्यामागून मेव्हण्याची गाडी लाटेतून बाहेर आली. मग टेम्पो. किनाऱ्यावरच्या झाडून सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी तर नाचलो, आणि मला त्याची अजिबात लाज वाटत नाही.

मंगळवारी संध्याकाळी वाडीत गेलो तर भंगारवाला रिकाम्या हाताने परत निघाला होता. ट्रक जागेवर नव्हता. तो मला किनाऱ्यावर सुरूच्या सावलीत सापडला. आत काका बसले होते.

"मुलाला सांगितलं, कामाचा ट्रक आहे, विकायचा नाय," ते म्हणाले. "आता रोज इथेच येणार."

"आज कुणी अडकलंय का?"

"नाय." त्यांनी शेजारचं दार उघडलं आणि थर्मास पुढे केला. "अजून दोघांचाच चहा होतो माझ्या हातून. बस."