कोंबडीला तिसरा हात

रविवारी सकाळी पॉलिशवाल्याने बायकोला स्वयंपाकघरातून बाहेर काढलं आणि आतून कडी लावली.

"अहो, जावई जेवायला येणारेत. करताय काय आत?"

"त्यांचंच जेवण. तू आज बसून राहा."

"मला बसून राहता येत नाही."

"मग शीक."

भानगड अशी होती. जावई हॉटेलात स्वयंपाकी. लग्नात चार माणसांसमोर पॉलिशवाला बोलून गेला होता, की उकळायचं नि वाढायचं, याला काय काम म्हणायचं? जावयाने ते ऐकलं. तो भांडला नाही, पण तेव्हापासून त्याने सासऱ्याच्या घरात पाऊल टाकलं नव्हतं. मुलगी यायची ती एकटी, आणि चहा संपायच्या आत चप्पल शोधायची. शेवटी तीच म्हणाली, "बाबा, त्यांच्या हातची तेरियाकी कोंबडी, ती जपानी गोड-खारट सॉस लावलेली, खायला लोक रांग लावतात. तो सॉस एकदा करून बघा, मग बोला."

चुकलो म्हणायला पॉलिशवाल्याची जीभ वळत नसे. तो म्हणाला, "रविवारी दोघं या. मीच करतो."

मुलीने फोनवर कृती पाठवली. सोया सॉस, साखर, आलं, लसूण, थोडं व्हिनेगर, आणि घट्ट होईपर्यंत उकळायचं. खाली लिहिलं होतं, 'कोंबडीला छान चकाकी आली पाहिजे.' ते वाचून गडी एकदम निवांत झाला. उभा जन्म दुसऱ्यांच्या टेबलखुर्च्यांना चकाकी आणण्यात गेलेला. त्याला हे काय अवघड?

पहिला सॉस पातळ झाला. कोरा ब्रश घेऊन त्याने अख्ख्या कोंबडीला एक हात मारला, तर सगळा ओघळून ताटात. मग सॉस आटवला, तर त्याची तार निघायला लागली आणि ब्रश पातेल्यातच उभा राहिला. पाणी घालून त्याने तो सारखा केला. एवढं झाल्यावर पहिला हात नीट बसला.

आता पॉलिशचा नियम असा, की पहिला हात वाळल्याशिवाय दुसरा मारायचा नाही. त्याने कोंबडी स्टुलावर ठेवली आणि टेबलफॅन लावला. वाऱ्याने वाळली, पण माश्या जमल्या, म्हणून जाळीचं झाकण घातलं. झाकण एका बाजूला चिकटलं. ते उचकटताना तिथला पापुद्रा गेला, म्हणून तेवढी जागा पुन्हा भरून घेतली. दुसऱ्या हातात ब्रशचा केस अडकला, तो चिमट्याने काढला. बाहेर बायको दार वाजवत होती.

"अहो, मला पाणी तरी प्यायचंय."

"दार उघडलं तर धूळ येईल. शेजारी जाऊन पी."

तिसरा हात मारून होतो न होतो, तोच मुलगी आणि जावई आले. जावई उंबऱ्याशीच घुटमळला. बूट काढावेत की नाही, हे त्याचं ठरत नव्हतं. शेवटी काढले. कडी निघाली आणि पॉलिशवाला ताट दोन्ही हातांनी तोलत बाहेर आला.

"हात लावू नका. वरचा थर ओला आहे."

कोंबडी बघायला सगळे पुढे सरकले. अशी झळकत होती, की खिडकी तिच्या पाठीवर दिसत होती. जावई खाली वाकून बघत राहिला.

"बाबा, अशी चकाकी माझ्या हातून आजवर आली नाही."

पॉलिशवाल्याची छाती फुगली. "कापा तुम्हीच."

जावयाने सुरी लावली. सुरी घसरली. त्याने दाब दिला, तसे खालचे वाळलेले थर काचेसारखे तडकले. तो आत बघत राहिला, मग सुरी हळूच खाली ठेवली.

"बाबा, ही शिजवली कधी?"

"कोण?"

"कोंबडी."

पॉलिशवाला विचारात पडला. "त्यात तसं लिहिलं नव्हतं."

"ती सॉसची कृती होती, बाबा," मुलगी म्हणाली.

"पॉलिशच्या डब्यावर टेबल कसं बनवायचं ते लिहिलेलं असतं का?" बायकोने विचारलं.

मुलगी नवऱ्याच्या तोंडाकडे बघत होती. तो आता बूट घालून निघाला, तर पुन्हा येणार नाही, हे तिलाही माहीत होतं आणि तिच्या बापालाही.

जावयाने मनगटावरचं घड्याळ काढलं आणि बाह्या दुमडल्या.

"ही आता शिजवूनही खायची नाही. सकाळपासून कच्ची बाहेर आहे. ब्रश बुडवलेला सॉसही टाका. बाटलीत सोया उरलाय? अंडी, बटाटे आहेत?"

सगळं होतं. त्याने बटाटे उकडायला टाकले, नवा सॉस चुलीवर ठेवला आणि सासऱ्याच्या हातात डाव दिला.

"ढवळत राहा. थांबलात तर तळाला लागेल."

पॉलिशवाला ढवळत राहिला. कपाळावर घाम आला. "अजून?"

"अजून."

"तुम्ही रोज एवढं ढवळता?"

"हॉटेलातलं पातेलं या स्वयंपाकघरात मावणार नाही."

थोड्या वेळाने पॉलिशवाला म्हणाला, "हात भरून येतो की."

"येतो," जावई म्हणाला.

माफीचं बोलणं म्हणाल तर तेवढंच झालं. जेवताना सगळ्यांनी सॉस पुन्हा पुन्हा मागून घेतला.

निघताना जावयाने कचऱ्याच्या बादलीकडे पाहिलं. "आमच्या हॉटेलच्या दारात काचेचं कपाट आहे, लोकांना दाखवायला. त्यात ठेवायला लाकडाची कोंबडी करून द्याल? अशाच चकाकीची."

"लाकडाची? म्हणजे शिजवायची नाही ना?"

"नाही."

"मग होईल."

सुताराकडून लाकूड कोरून आलं. जावई आणि मुलगी दर रविवारी काम कुठवर आलंय ते बघायला येतात, जेवूनच जातात. कोंबडी कधीच तयार झाली आहे. बायको तिच्यावरची धूळ पुसते आणि गप्प बसते. पॉलिशवाला मात्र ती खिडकीपाशी नेतो, डोळे बारीक करून उजेडात फिरवतो आणि जावयाला सांगतो,

"अजून एक हात बाकी आहे. पुढच्या रविवारी या."