लंबू आणि वरची फळी

ती गेली त्या दिवशी सकाळी तिनं माझ्याकडून वरच्या फळीवरचा साखरेचा डबा काढून घेतला, मोबाइल त्या डब्याला टेकवून उभा केला आणि त्याच्यावरून मीठ-मोहरी ओवाळली. चहा त्यानंतर. आमचं सोबतचं शेवटचं काम ते.

मोबाइलची दृष्ट काढणारी बाई तुम्ही पाहिली नसेल. मी चार वर्षं पाहिली. माझी बायको द्वारका, राहणार असोदा.

दृष्ट मोबाइलची नव्हे, आतल्या पोराची. अमेरिकेतला, सात फूट उंच, कॉलेजकडून बास्केटबॉल खेळणारा. आमची नात त्या कॉलेजात शिकायला गेली होती. तिनं एकदा मॅच लावून दिली आणि म्हणाली, "आजी, हा आमचा सेंटर, मधला खेळाडू." नात दोन वर्षांत शिकून दुसऱ्या गावी नोकरीला गेली. तिला आता तो आठवतही नाही. द्वारकीनं मात्र धरून ठेवला. नाव जिभेवर बसेना, म्हणून लंबू. तिकडे रात्री खेळतात तेव्हा आपल्याकडे उजाडतं. मॅच असली की माझा चहा उशिरा.

पहिलं वर्ष लंबू बाकावरच बसला. ही चिडायची. "एवढा लांब पोरगा पाहुन्यासारखा काय बसवून ठेवला?" जाळीलाही नावं ठेवायची. "एवढं मोठं कॉलेज, अन् जाळीले बूड नाही. टाकला चेंडू का आला खाली."

मी म्हटलं, तशीच असते.

"असते म्हने! तुमी गेलते का पाह्याले?"

दुसऱ्या वर्षी लंबूचा गुडघा गेला. हिला जळगावला ब्लडप्रेशर दाखवायला नेलं, तर डॉक्टरला विचारते, "गुडघ्याची पट्टी किती महिन्यांनी सोडतात?" डॉक्टर माझा गुडघा दाबायला लागला. "यांचा नाही हो. अमेरिकेतल्या पोराचा." डॉक्टरनं तिचं प्रेशर पुन्हा मोजलं.

तेवढ्यावर थांबली नाही. मनुदेवीला नवस बोलली. लंबू पळायला लागला तसं मला यावलच्या बसमध्ये घातलं, देवीपुढं वरण-बट्टी केली. कोणाचा नवस, बाकीच्या बाया विचारत होत्या. मी पाणी आणायच्या निमित्तानं निघून गेलो.

खरं सांगतो, मला त्या पोराचा राग यायचा. तो चेंडू फारसा टाकायचाच नाही. मधे उभा राहायचा. समोरचे त्याच्यावर येऊन आपटायचे, तेवढ्यात आपला एखादा बारका मागून निसटून चेंडू टाकायचा. टाळ्या बारक्याला. द्वारकी म्हणायची, "पाह्यलं? टेकू आहे तो." केळीला घड आला की झाड वाकतं, त्याला आम्ही बांबूचा टेकू देतो, तो.

एकदा मी वैतागून बोललो, "त्याला तुझं नाव तरी माहीत आहे का?"

"घडाले माहीत असतं का टेकू कोनं लावला?"

शेवटचा शब्द तिचा, हे लग्नापासूनचं. मी सहा फूट दोन इंच, ती माझ्या कोपरापर्यंत. हार घालायला तिला मामानं उचललं होतं. मंडपात कोणीतरी ओरडलं, "निसणी आणा रे!" शिडीला आमच्याकडे निसणी म्हणतात. जन्मभर माझं घरातलं काम एकच, वरचं काढून देणं. साखर, चहा, तिखट, मीठ. मी रोज कुरकुरायचो, "बुटकी ती बुटकी, वर अक्कलही नाही. रोजचं सामान कोणी वर ठेवतं का?" ती म्हणायची, "हात वर करा, तोंड बंद ठेवा."

त्या शेवटच्या सकाळी लंबूचा संघ जिंकला. त्याचं हे शेवटचं वर्ष, आता हरला की कॉलेजातलं खेळणं संपलं. ती म्हणाली, "उद्या परत आहे. तुमीबी उठा. हरला तं मले एकटीले पाहवनार नाही."

दुपारी भिंतीला टेकून मेथी निवडत होती. मी बाहेरून आलो, तर मेथी मांडीवर तशीच. संध्याकाळी तिला स्मशानात नेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेपाचला तिनं लावलेला गजर वाजला. घर माणसांनी भरलेलं. कोणीतरी बंद करायला धावलं. मी म्हटलं, "राहू द्या."

शेजारून चहा आला होता, फिका. मुलगी साखर शोधत होती. धुळ्याला दिलेली, बोलीही तिकडचीच झाली. म्हणाली, "आबा, मायनं बठ्ठं वरच का ठेवेल शे? खालन्या दोन्ही फळ्या रिकाम्या शेतस."

मी पाहिलं. रिकाम्याच होत्या. खाटेखाली स्टूलही होतं, दिवाळीत जळमटं काढताना ती त्याच्यावर चढायची. पन्नासेक वर्षं मी ते रोज पाहत होतो.

डबा काढून दिला. तिनं साखर घेतल्यावर मॅच लावून मोबाइल त्याला टेकवला. मीठ-मोहरी घेऊन ओवाळली. पाहुणे एकमेकांकडे पाहायला लागले. पाहू द्या. सुतकाची चूल बंद, मोहरी टाकायला विस्तव नाही. मूठ मिटून तसाच बसलो.

लंबू हरला. डोक्यावर टॉवेल घेऊन बाकावर बसला, पहिल्या वर्षीसारखा. शेजारी कोणी नव्हतं. मी म्हटलं, "ऊठ बाबा. चांगला खेळला." पहिल्यांदाच बोललो त्याच्याशी.

मग मूठ अंगणात सोडली. आत आलो तर मुलीनं साखरेचा डबा खालच्या फळीवर ठेवलेला, हाताशी असावा म्हणून.

मी उचलून वर ठेवला.