दुतोंड्या प्रवाहास दरबारबंदी जाहली त्याची हकीकत

कुलस्वामिनीचे पायीं डोई ठेवून, आणि काळी कांच धरल्याखेरीज जिजकडे पाहूं नये त्या ठिणगीस दंडवत घालून, शके एकोणीसशें शेचाळीस, क्रोधीनाम संवत्सरीं, मार्गशीर्षमासीं जें वर्तमान घडलें तें लिहितों.

नदीकांठीं पत्र्याचे छपराखालीं वेल्डिंगचें राज्य होतें. गादीवर आमचे थोरले चिरंजीव हैबतराव विराजमान होते, आणि धाकटे येसाजी डोहावर उतारूंची नाव चालवीत होते. राज्यांत वीजप्रवाह दोन. एक डीसी, एकाच दिशेनें वाहणारा, त्यास कैलासवासी धन्यांनीं एकवचनी ऐसा किताब दिल्हा. दुसरा एसी, क्षणांत पुढें आणि क्षणांत मागें, त्यास दुतोंड्या म्हटलें. धनी हंसत बोलले होते, पण थोरल्यांनीं तें शिलालेखासारखें धरिलें आणि यंत्राची कळ एकवचनीवर ठेवून वर शेंदूर फांसला. मग लोखंड, पोलाद, स्टेनलेस सारें त्याचेच हातून जोडलें, पातळ पत्र्यास रॉड विजेच्या ऋण टोंकाला आणि जाड पाटीस धन टोंकाला लावावा, आणि टांके ऐसे बसत कीं घणानेंही हालेनात. यश बहुत आलें आणि त्यासरशीं अक्कल गेली, हें आई असोनि लिहितों.

मग येसाजीची लाकडी नाव कुजली. पंचायतीनें ठरविलें कीं अल्युमिनियमची नवी नाव बांधावी, पाणी न घेतां तरली तर उताराचा मक्ता येसाजीकडे राहावा, न तरली तर दुसऱ्यास द्यावा. मक्ता गेला तर येसाजीस बायकोसह शहरीं चाकरीस जाणें प्राप्त होतें. थोरल्यांनीं विडा उचलिला.

तेव्हां येसाजीची बायको हौसाबाई, जिचे माहेरीं अल्युमिनियमच्या दूधटाक्या जोडीत, पुढें सरसावली. तिची जीभ आमच्यासारखीच, म्हणोन आमचें कधीं पटलें नाहीं. ती बोलली, "भाऊजी, या धातूवर हवेनं धरलेली साय असते, डोळ्यांना दिसत नाही. तुमचा एकवचनी साय तशीच ठेवतो, मग सांधा धरत नाही. दुतोंड्या एका तोंडानं साय खरवडतो आणि दुसऱ्यानं सांधतो. एक दिवस त्याला हात लावा, बाटणार नाही तुम्ही."

थोरले बोलले, "माझ्या बापाच्या कारखान्यात दोन तोंडांचा चालणार नाही. तुझ्या माहेरची अक्कल दुधाला ठीक."

"दूध गळत तरी नव्हतं," ती म्हणाली.

आम्हीही थोरल्यांस बोललों कीं बाबा, कळ फिरवायची आहे, कुळ नाहीं. पण त्यांचे कानीं दोन्ही शब्द एकच वाजले.

मग आर्गॉन वायूची नळी लावून, टंगस्टनच्या सुईनें एकवचनी चालविला, तों धातूवर मळकट गोळे जमले आणि सांधा धरीना. ध्रुव उलटे केले तों सुईच वितळोन गेली. मग थोरल्यांनीं पुन्हा सुलटें करून कसेबसे टांके घातले, वर कानस मारिली, आणि निळा रंग देवविला. रंग मात्र फार उत्तम बसला.

पंच कांठीं बसले आणि येसाजीनें नाव लोटली. मध्यावर जातां तळाची शिवण उसवली आणि नाव तळास गेली. येसाजी पोहत कांठास आले, थोरल्यांपुढें उभे राहिले, कमरेची नावेच्या साखळीची किल्ली काढोन त्यांच्या हातीं दिली आणि म्हणाले, "दादा, एवढ्यासाठी?"

दुसरे दिवशीं येसाजी आणि हौसाबाई बिऱ्हाड घेऊन गेले. जातांना ती आमच्या पायां पडली, आणि त्या दिवशीं आम्हां दोघींची जीभ चालली नाहीं.

मग थोरल्यांनीं नाव वर काढविली, कळेवरला शेंदूर नखांनीं खरवडिला, दुतोंड्यास पाचारण केलें आणि एकट्यानें बसोन सारी शिवण नव्यानें घातली. शिवण रुप्यासारखी उजळ आली. पाहावयास कोणी नव्हतें.

एवंच, लोखंड-पोलादास एकवचनी आणि अल्युमिनियमास दुतोंड्या, इतकेंच शहाणपण या राज्यानें कमाविलें. मक्ता पलीकडच्यांकडे गेला. नाव कांठास बांधली आहे, थेंबभर पाणी घेत नाहीं, आणि ती वल्हविणारें आमचें कोणी उरलें नाहीं.