काटकोनात चालणारे हिराजीकाका

आमचे शेजारी हिराजीकाका मोकळ्या शेतातून कधी तिरके चालत नसत. भात कापून झालेलं, आडवं यायला साधं बुजगावणं नाही, तरी ते नाकासमोर शंभर पावलं जायचे, थांबायचे, दोन्हीकडं बघायचे आणि काटकोनात वळायचे. का, तर तिथं चौक होता. म्हणजे होणार होता.

त्याचं असं झालं. नव्वदच्या आसपास पनवेलच्या बाजूचं आमचं गाव सरकारनं ‘नोड’ म्हणून, म्हणजे होणाऱ्या नव्या शहराचा एक भाग म्हणून, जाहीर केलं. साहेब आले, चार दगड पुरले, चहा प्यायले आणि ग्रामपंचायतीत एक नकाशा चिकटवून गेले. बाकीचे आपली जमीन कुठं जाते ते बघून घरी आले. काकांनी पनवेलला जाऊन त्याची झेरॉक्स काढली, चार तुकडे चिकटपट्टीनं जोडले आणि त्या दिवसापासून ते नकाशात राहायला गेले.

"आता गाव नाय, नोड हाय," असं ते पाहुण्यांनाही सांगायचे. कुणाची म्हैस हरवली तर म्हणायचे, "सेक्टर पाचात बघ. बँकेत बसलीय." मी एकदा बांधावरून उडी मारून मधनं निघालो, तर ओरडले नाहीत. शांतपणे म्हणाले, "लोकांच्या किचनमधनं चाललायस. बाया काय बोलतील?"

मी तेव्हा गावभर नकला करायचो. गणपतीत काकांची चाल हा माझा हुकमी आयटम. काका पहिल्या रांगेत बसायचे आणि नंतर येऊन चूक दाखवायचे. "डावीकडं लवकर वळलास. तिथं गटार हाय."

एका ठिकाणी मात्र ते जास्तच करायचे. सेक्टर तीन, बाभळीजवळ. तिथं टोपी काढून मिनिटभर उभे राहायचे. मी काही बोललो की ओठावर बोट. "हळू. दवाखाना हाय." नकलेत इथं हमखास हशा पिकायचा. तेवढ्यापुरते काका मान खाली घालून पान लावत बसायचे.

दोन-तीन वर्षांनी साहेब सुधारित नकाशा घेऊन आले. काकांनी शेजारी जुना अंथरला आणि बोट फिरवत एकेक बदल मान्य केला. शाळा सरकली, चालेल. त्यांचं स्वतःचं घर रस्त्यात आलं, चालेल. मग बोट थांबलं.

"दवाखाना?"

साहेब म्हणाले, तो रद्द झाला, तिथं आता दुकानं येणार. दवाखाना पनवेलला आहेच की.

"हां. पनवेलला हाय," काका म्हणाले, आणि जुन्या नकाशाची घडी घालून बंडीच्या खिशात ठेवली.

दुसऱ्या दिवशी ते जुन्याच रस्त्यानं निघाले. मागून मी, त्यांचीच चाल करत. बाभळीपाशी टोपी निघाली. मी मोठ्यानं म्हटलं, "काका, इथं आता चपलांचं दुकान आहे. टोपी घाला."

ते बांधावर बसले.

"तुझ्या काकीला ताप व्हता. बैलगाडीत घालून पनवेलला नेत व्हतो. हितवर पोचली. पुढं नाय." बाजूची माती त्यांनी हातानं सारखी केली. "मंग पंचायतीत नकाशा बघाया गेलो, तं बरोबर हितंच दवाखाना. एवढ्या मोठ्या कागदावर. मला वाटलं, कुणाला तरी म्हाईत हाय."

थोड्या वेळानं ते उठले. टोपी झटकून डोक्यावर घातली.

"आता कुठं वळायचं?" मी विचारलं. अगदी हळू. नव्या नकाशाप्रमाणं तिथं हळू बोलायची काही गरज नव्हती.