कोणते हाउगेन?

पालशेतकर काका कोणाला नाव विचारत नसत. थेट आडनाव विचारत, आणि ते कळलं की पुढचा प्रश्न ठरलेला: "त्यातले कोणते?"

हॉलंडमधल्या नीउ-व्हेनेपला आम्ही राहायला आलो त्या दिवशी सोफा दारात अडकला होता. एक टोक माझ्या नवऱ्याच्या पोटावर, दुसरं माझ्या. शेजारच्या घरातून एक उंच म्हातारा बाहेर आला. मला वाटलं, हात लावायला आलाय.

"आडनाव?"

"कुलकर्णी," मी धापा टाकत म्हटलं.

त्यांचा चेहरा पडला. "अगं, ते आडनाव नव्हे, ती नोकरी. गाव कुठलं तुमचं?"

मूळ गाव, तिथून पुण्याला कोण आलं, का आलं, एवढं सगळं सांगून झालं तेव्हा कुठे सोफ्याला हात लागला. त्या दिवसापासून मी त्यांची 'कुलकर्णी' आणि माझा नवरा 'कुलकर्णीचे मिस्टर'.

डच माणसांनाही सुटका नव्हती. सुपरमार्केटमधल्या पोरीच्या छातीवरचा बिल्ला वाचून काका तिला तिचे पूर्वज कोणत्या बेटावरून आले ते समजावत. मागे रांग वाढे, आमचे गोठवलेले वाटाणे पाघळत. डॉक्टरीणबाईंनी एकदा रक्तदाब मोजायला पट्टा बांधला, तर काकांनी तिच्या आज्याचं गाव काढून दिलं. रक्तदाब तिचाच वाढला असणार.

काका बोटीवर इंजिनियर होते. रॉटरडॅमला उतरले ते तिथलेच झाले. बायको लवकर गेली, मुलगा निखिल वाढवला. निखिलनं लग्न केलं मारीत हाउगेनशी. आमच्या शेजारचं ते घर मारीतचं, तिच्या आईवडिलांनी ठेवलेलं. निखिलनं वडिलांना रॉटरडॅमहून तिथेच आणलं. नात झाली, लिव. तिला आडनाव आईचं लावलं. इथे आईबाप बसून ठरवतात. काकांनी त्यावर कुरकुर केली नाही. फक्त म्हणाले, "पालशेतकर लिहिता लिहिता इथल्या मास्तरणीचा हात मोडला असता."

मग निखिल गेला. चाळिशी गाठली नव्हती. सकाळी सायकल काढली, आणि वळणावर एक ट्रक आला.

दहनाच्या दिवशी, इथल्या रिवाजाप्रमाणे कॉफी आणि केकचा तुकडा हातात घेऊन सगळे गप्प उभे होते. काका मात्र अंत्यविधीवाल्या काळ्या कोटातल्या माणसाला कोपऱ्यात घेऊन त्याचं आडनाव विचारत होते. तो बिचारा म्हणाला, माझे पणजोबा मीठ विकायचे. "कुठे? कोणत्या बंदरात?" लोक एकमेकांकडे बघायला लागले. मारीत उठली, काकांच्या शेजारी जाऊन उभी राहिली आणि तिनं त्यांचा हात धरला. प्रश्न चालूच होते. हात मात्र त्यांनी सोडला नाही.

त्यानंतर एक गोष्ट त्या घरात सगळ्यांना दिसत होती आणि कोणीच बोलत नव्हतं. घर सुनेचं. मुलगा राहिला नाही. मग हा म्हातारा तिथे कोण म्हणून राहणार?

काकांनी हाउगेन हे आडनाव हातात घेतलं ते तेव्हाच.

कुंपणावरून मला रोज बातमीपत्र मिळे. "कुलकर्णी, हाउगेन म्हणजे टेकाड. नॉर्वेतलं शेत, टेकाडावरचं. म्हणजे आपले टेकाडे गं." दुसऱ्या दिवशी: "त्यांचंही आपल्यासारखंच. आधी स्वतःचं नाव, मग बापाचं, मग गावाचं. बापाचं नाव ओले, तर मुलगा ओलसेन, राहणार हाउगेन. यांना उगाच परके समजतो आपण." हाउगेनांचा एक मुलगा लाकडाच्या जहाजावर खलाशी होऊन ॲमस्टरडॅमला आला. त्याचे नातू-पणतू, इथलं तळं उपसून जमीन काढली तेव्हा मजुरीला आले. "गंमत बघ, टेकाडावरची माणसं तळ्याच्या तळाशी येऊन राहिली. समुद्र आपल्या डोक्यावर आहे इथे." आणि ते खिदळत.

मग एका सकाळी ते कुंपणापाशी आले तेव्हा चष्मा कपाळावर होता.

"सापडला. मूळ पुरुष. तो हाउगेन नव्हताच. घरजावई होता."

"अय्या, मग?"

"मग काय? तिकडे तशीच रीत होती. जो शेतावर राहायला येईल त्याला शेताचं नाव. जावई असो, गडी असो. रक्त नाही विचारत कोणी." थोडा वेळ कुंपणाची पानं खुडत राहिले. "राहतो का, एवढंच बघत."

मी हसले नाही. कशाची तयारी चाललीय ते तेव्हा मला कळलं.

मारीत एका रविवारी माझ्याकडे आली आणि म्हणाली, "तू बस आमच्याबरोबर. मला एकटीला जमणार नाही." देशाच्या पार दुसऱ्या टोकाला, मास्ट्रिख्टच्या विद्यापीठात तिला काम मिळालं होतं. तिथे रुबेन होता, ज्याच्याबरोबर ती आता संसार मांडणार होती. घर विकायचं होतं. नुकतीच अक्षरं वाचायला लागलेली लिव जिन्यात बसून सगळं ऐकत होती.

मारीत डचमध्ये बोलली, रडतरडत, उलटसुलट. "पा, तुम्हीही या. खोली लहान आहे, पण करू काहीतरी."

मी काकांकडे बघत होते. सगळा पुरावा त्यांच्या हातात होता. घरजावई, गडी, शेत, राहणं. आता काढतील, मला वाटलं. आणि काढलाही.

"हाउगेन शेतावरची एक रीत तुला सांगितली नाही मी," ते म्हणाले. "शेत सोडून दुसऱ्या शेतावर गेलं की जुनं नाव खाली ठेवायचं. नवं घ्यायचं. त्यात पाप धरत नसत. मागच्या शेतावरची माणसं बरोबर न्यायची पद्धत नव्हती."

"पा..."

"तशीच रीत आहे, पोरी. मी बनवलेली नाही." मग जिन्याकडे न बघता म्हणाले, "रुबेनचं आडनाव काय म्हणालीस? त्यातला कोणता?"

रुबेनचं घराणं बेल्जियमकडून आलं, एवढं मारीतनं रडतच सांगितलं. काकांनी समाधानानं मान हलवली.

घर विकलं गेलं. काका होफ्डॉर्पला, एकट्या म्हाताऱ्यांसाठी बांधलेल्या इमारतीत राहायला गेले. मी आज जाते, उद्या जाते म्हणत हिवाळा घालवला. शेवटी थालीपीठं घेऊन, न कळवता गेले.

खाली दाराशी बेलची पाटी. पालशेतकर कुठेच नाही. वरून खाली वाचलं, खालून वर वाचलं. घर चुकलं म्हणून परत फिरणार, तेवढ्यात तिसऱ्या मजल्यावर, नव्या पांढऱ्या पट्टीवर, एखाद्या लहान मुलालाही वाचता येईल अशा मोठ्या अक्षरांत दिसलं: हाउगेन.

मी बटण दाबलं. बोलायच्या यंत्राशी तोंड नेलं, गाव, मूळ पुरुष, सगळं तोंडपाठ करून. पण मी तोंड उघडण्याआधीच कुलूप करकरलं आणि दार उघडलं. उभ्या जन्मात ज्यांनी कोण, कुठले विचारल्याशिवाय कोणाला उंबऱ्याआत घेतलं नाही, त्यांनी काही म्हणजे काही विचारलं नाही.

वर लिफ्ट उघडली तर काका समोरच उभे. इस्त्रीचा शर्ट, भांग पाडलेला. त्यांची नजर माझ्या कमरेच्या उंचीवर होती. तिथे थोडी थांबली, मग हळूहळू वर माझ्या चेहऱ्यापर्यंत आली.

"अच्छा, कुलकर्णी होय," ते म्हणाले. "ये. चहा टाकतो."