उल्पुक्काची तहान

पाच बादल्या पाणी ओतूनही उल्पुक्काचा तळ दुसऱ्या दिवशी ठणठणीत कोरडा, हे पाहून कालेर्वोला काळजी वाटायची ती वाटलीच, पण थोडं कौतुकही वाटलं. उल्पुक्का म्हणजे हिल्काची शिडाची बोट. अस्सल लाकडी, तिच्या नवऱ्यानं स्वतःच्या हातानं बांधलेली. तो गेल्यापासून तीन वर्षं ती बोट क्लबच्या आवारात ठोकळ्यांवर ताडपत्री पांघरून उभी होती. लाकडी बोट इतके दिवस जमिनीवर राहिली की फळ्या आकसतात, सांधे उघडे पडतात आणि पाण्यात सोडली की ती चाळणीसारखी गळते. म्हणून सोडण्याआधी आठ-दहा दिवस आतून पाणी घालून लाकूड फुगवून घ्यायचं, हे त्या किनाऱ्यावर कुणालाही ठाऊक. हिल्काला मात्र नव्हतं. ती मुलांना व्हायोलिन शिकवायची. बोटीचं सगळं नवराच बघायचा.

मग कालेर्वोनं तिला सरळ सांगायचं की नाही? पण फेरीबोटीच्या इंजिनघरात एकतीस वर्षं काढल्यावर माणसाची बोलण्याची सवयच जाते. तिथं बोललेलं ऐकू कुणाला येतंय! त्यात हिल्का समोर आली की त्याच्या तोंडात मिठाची गुळणी. त्याची बोट उल्पुक्काच्या अगदी शेजारी. दर वसंतात बर्फ वितळलं की तीन आठवडे तो तिथं आपल्या बोटीचा तळ खरवडायचा, रंगवायचा. आणि हिल्का शिडीवर बसून आपल्या बोटीच्या पितळी कड्या पुसायची, पुसताना हळूच शीळ घालायची. तीन आठवड्यांनी क्रेन यायची आणि कालेर्वोची बोट पाण्यात जायची. मग उन्हाळाभर तो बेटाबेटांतून हिंडायचा आणि त्याला आठवण यायची ती आवारातल्या त्या तेलकट चिखलाची. दर्यावरच्या माणसाला जमिनीची ओढ लागावी यासारखी लाजिरवाणी गोष्ट नाही, त्यामुळे हे त्यानं कुणापाशी बोलून दाखवलं नव्हतं.

यंदा क्रेनच्या यादीत हिल्कानं स्वतःच्या अक्षरात उल्पुक्काचं नाव लिहिलं. पाण्याजवळच्या बोटी आधी, मागच्या नंतर, या नियमानं ते नाव शेवटून दुसरं आलं आणि शेवटचं कालेर्वोचं. त्यानं ती दोन नावं तीनदा वाचली. उल्पुक्का पाण्यात म्हणजे हिल्काही पाण्यात! म्हणजे यंदा एखाद्या बेटावर, एखाद्या सकाळी, धक्क्याला शेजारी शेजारी दोन बोटी. एवढ्यावर कालेर्वोचा अख्खा दिवस गेला. दुसऱ्या दिवशी पहाटे पाच वाजता आवारात कुणी नसताना त्यानं उल्पुक्काची ताडपत्री उचलली आणि पहिली बादली आत ओतली.

दुपारी हिल्का आली, शिडी चढली आणि आत डोकावून ओरडली, "अगंबाई! कालेर्वो, काल रात्री पाऊस झाला का रे?"

"नाही."

"मग एवढं पाणी कुठून आलं आत?"

खोटं बोलणं कालेर्वोला जन्मात जमलं नव्हतं. त्यानं ब्रश रंगात बुडवला, पुन्हा बुडवला. "लाकूड आहे," तो शेवटी म्हणाला. "लाकडाचं काही सांगता येत नाही."

"ताडपत्रीच फाटली असणार मेली," हिल्का म्हणाली. कालेर्वोला शरमेनं तिथं थांबवेना, रंगाचा डबा अर्धा टाकून तो घरी निघून गेला. त्यामुळे संध्याकाळी हिल्कानं घरून हीटर आणला, तळ फडक्यानं पुसला आणि पाच तास हीटर लावून बोट खडखडीत वाळवली, हे त्यानं पाहिलंच नाही.

पहाटे आला तर आत थेंब नाही. "प्यायली की सगळं!" तो पुटपुटला. तीन वर्षांची तहान, तिला पाच बादल्यांनी काय होणार? त्यानं सात ओतल्या. संध्याकाळी हिल्कानं दुसरा हीटर आणला. त्यानं नऊ ओतल्या, तिनं व्हायोलिनच्या वर्गातला मोठा हीटर उचलून आणला. दोघंही मनापासून राबत होते, आणि ती बिचारी बोट सकाळी भिजत होती, रात्री भाजत होती.

आवार सांभाळणाऱ्या वोइत्तोला एवढंच कळलं की विजेचा काटा पळत सुटलाय. "काय रे कालेर्वो," त्यानं विचारलं, "बोटीत वाफेच्या अंघोळीची सौनाबिना तापवतोस की काय?"

"नाही."

"मग कोण तापवतंय? अख्ख्या हिवाळ्यात गेली नाही एवढी वीज गेली या आठवड्यात!"

"मला पाण्याचं विचार," कालेर्वो म्हणणार होता, पण म्हणाला नाही.

शनिवारी क्रेन आली. वाटाण्याच्या सूपचं पातेलं चुलीवर चढलं, आणि एकेक बोट पट्ट्यांत लटकून, अंग झटकत असल्यासारखी हलत, पाण्यात उतरू लागली. दोन वाजता उल्पुक्काची पाळी आली. कालेर्वोनं घरून निघताना दाढी केली होती, तीही दोनदा. हिल्का धक्क्यावर उभी होती आणि तिच्या शेजारी पांढरेशुभ्र बूट घातलेला एक तरुण गृहस्थ.

"हा सान्तु, हेलसिंकीचा," हिल्का म्हणाली. "उल्पुक्का विकत घेतोय. त्यालाच दाखवायला पाण्यात सोडतेय. मला एकटीला आता काय करायचीय बोट? आवारातली जागाही सोडते मी."

 त्या क्षणी कालेर्वोला वाटलं, आपणच पट्ट्यांत लटकतोय आणि खाली पाणीबिणी काही नाही. पुढचा वसंत येईल, बर्फ वितळेल, शेजारी रिकामे ठोकळे असतील. हे सगळं त्याला आत्ताच स्पष्ट दिसलं.

उल्पुक्का पाण्याला टेकली आणि दहा मिनिटांत आत गुडघाभर पाणी झालं.

"बुडतेय ही!" सान्तु दोन पावलं मागे सरला. "तुम्ही तर म्हणालात कोरडी ठणठणीत आहे!"

"होती ना! काल रात्रीपर्यंत तीन-तीन हीटर लावून वाळवलीय मी!"

"वाळवलीस?" कालेर्वोच्या तोंडून निघून गेलं. "मी रोज पहाटे नऊ बादल्या ओततोय तिच्यात!"

"तू?" हिल्का वळली. "ते पाणी तू घालत होतास?"

वोइत्तो दोघांच्या मध्ये येऊन उभा राहिला. "म्हणजे माझी वीज हिनं जाळली आणि पाणी यानं ओतलं! अरे, एकमेकांशी दोन शब्द बोलला असतात तर काय जीभ झिजली असती?"

क्रेनवाल्यानं घड्याळ दाखवलं. "तीनला मी निघालो. ही अशीच पाण्यात टांगून ठेवायची, का बाहेर काढू आणि ती शेवटची सोडू? दोन्ही होणार नाही. परत येईन तो थेट सप्टेंबरात."

शेवटची म्हणजे कालेर्वोची. टांगून ठेवली तर तासाभरात उल्पुक्काच्या फळ्या थोड्या तरी फुगणार होत्या. "टांगून ठेव," तो म्हणाला.

"तुझी राहील रे!"

"राहू दे."

पाणी उपसायला सगळे लागले. सान्तु मात्र कालेर्वोपाशी आला. "इथं लाकडाचं तुम्हाला सगळ्यात जास्त कळतं म्हणे. खरं सांगा, घेण्यासारखी आहे का ही?"

एक 'नाही' म्हणायचा अवकाश, आणि सारं काही होतं तसं राहिलं असतं. कालेर्वोनं तोंड उघडलं. आयुष्यात जेवढं साठलं होतं तेवढं बाहेर आलं.

"यातली एक फळी कुजलेली दाखवा, मी माझी बोट तुम्हाला फुकट देतो. गळतेय ती दोन दिवस गळेल, मग थेंब येणार नाही. तीन वर्षं मी हिच्या शेजारी उभा आहे. सकाळी ऊन आलं की आधी हिच्यावर येतं. समुद्रावर असलो तरी मला हिचीच आठवण येते. हिच्याशेजारी माणसाला एकटं वाटत नाही. आणि ती शीळ..." तो थांबला.

"बोट शीळ घालते?" सान्तुनं विचारलं.

 वोइत्तोनं टोपी काढून उगाचच आत बघितलं. कालेर्वोचे कान लालभडक झाले.

"मी घेतली!" सान्तु म्हणाला. "असं कुणी बोटीबद्दल बोलताना मी ऐकलं नव्हतं."

"मीही नव्हतं," हिल्का म्हणाली. तिच्या हातातली बादली तशीच राहिली होती. "विकायची नाही मला ती."

"अहो, पण आत्ताच तर..."

"आत्तापर्यंत मला कुणी सांगितलंच नव्हतं ना."

तीनला क्रेन गेली, मागोमाग पांढरे बूटही गेले. आवारात कालेर्वोची बोट तेवढी ठोकळ्यांवर उरली. हिल्कानं तिच्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. "दोन दिवस गळेल म्हणालास?"

"दर दोन तासांनी उपसायला लागेल."

"मी आजच बेटांवर निघतेय. सुकाणू धरू की उपसू?"

कालेर्वोनं वोइत्तोकडे पाहिलं. "माझ्याकडे काय बघतोस? माझी पाठ धरलीय," असं म्हणत वोइत्तोनं सूपचं पातेलं दोन्ही हातांनी उचललं आणि तो चालता झाला. कालेर्वो बोटीत उतरला.

तिसऱ्या दिवशी सकाळी एका बेटाच्या आडोशाला कालेर्वोनं तळाची फळी उचलली आणि आत हात घातला. बोटं कोरडी निघाली. त्यानं पुन्हा चाचपून पाहिलं. फळ्या फुगून एकमेकींना घट्ट धरून बसल्या होत्या. आता उपसायचं काम संपलं होतं, आणि आज दुपारची फेरीबोट गावाकडे जात होती.

"थांबलं का रे?" हिल्कानं वरून विचारलं.

साठ वर्षांत एकदाही खोटं न बोललेल्या कालेर्वोनं आवंढा गिळला. "नाही गं. अजून थोडं येतंय."

हिल्का कॉफीचा पेला घेऊन खाली वाकली. त्या कोरड्या फळ्यांकडे तिनं बराच वेळ नीट बघितलं.

"हो की," ती म्हणाली, "येतंय खरं." आणि तिनं बादली त्याच्या हातात दिली.