देवळाच्या दोन दारांशी

वरणाला फोडणी द्यायची सोडून इशिता फोनवरच्या नकाशाला डोळे लावून बसली होती. अमेरिकेत, फ्रिस्कोला, संध्याकाळ झाली होती, बँकॉकमध्ये सकाळ. तिथल्या नदीकाठच्या एका मोठ्या देवळाच्या पुढच्या दाराशी निळा ठिपका होता, तो बाबांचा. पार मागच्या दाराशी गुलाबी ठिपका होता, तो आईचा. दोन्ही ठिपके केव्हापासून जागचे हलले नव्हते.

पुण्याहून फ्रिस्कोला येताना आईबाबांनी वाटेत बँकॉक बघावं, ही कल्पना तिचीच. प्रल्हादराव रिटायर झाल्यापासून मालिनीबाईंशी त्यांचं क्षणभरही पटत नव्हतं. देवळं, बाजार, बोटीतली चक्कर, एवढं केल्यावर तरी दोघं जरा गोडीत येतील, असा लेकीचा भाबडा हिशोब. कालच तरंगत्या बाजारात, नारळाचं आइस्क्रीम एक घ्यायचं की दोन, यावरून दोघं भर बोटीत भांडली होती.

"अनय, ते भांडून वेगळे झालेत," ती नवऱ्याला म्हणाली.

"अगं, ट्रॅकर चपलांत आहेत ना? देवळात चपला काढतात यार."

इशिताने कपाळावर हात मारला. बाबा चष्मा विसरतात, पाकीट विसरतात, प्रसंगी बायको विसरतात, पण चपलांशिवाय कोणी घराबाहेर पडत नाही. म्हणून दोघांच्या उजव्या चपलेत ट्रॅकर शिवून घ्यायला तिनेच लावलं होतं. आणि पाठवलं होतं देवळं बघायला!

"पण मग चपला एकाच जागी नकोत? हे वेगवेगळ्या दारांनी आत गेलेत! दुपारी फ्लाइट आहे रे."

रोमिंगच्या धास्तीने बाबांनी दोघांचेही फोन बंद ठेवलेले. शेवटी तिने टूरच्या गाइडला, नोकबाईंना, फोन लावला.

"मॅडम, सगळे बसमध्ये बसलेत. तुमचेच पेरेंट्स आलेले नाहीत."

ठिपक्यांचा पत्ता घेऊन नोकबाई धावल्या. "पुढच्या दाराशी एक जेंट्स चप्पल आहे, एक लेडीज. जोडी कुठली जमत नाही." मग धापा टाकत, "मागच्या दाराशीही तसंच."

"झटापट झाली असणार!" इशिता रडवेली झाली. "एकेक चप्पल टाकून पळालेत."

"चपलांनीच मारामारी केली की काय?" अनय म्हणाला, आणि बायकोचा चेहरा बघून वरणाच्या फोडणीकडे वळला.

"नोक, प्लीज, पोलिसांकडे जा!"

फोन बंद झाला. थोड्या वेळाने दोन्ही ठिपके एकत्र आले आणि गल्लीबोळांतून सुसाट निघाले. "कोणीतरी गाडीत घातलं त्यांना!" इशिता किंचाळली. तेवढ्यात नोकबाईंचा मेसेज आला. पुरावा म्हणून चारही चपला घेऊन त्या रिक्षाने टुरिस्ट पोलिसांकडे निघाल्या होत्या.

आणि लगोलग बाबांचा फोन.

"बाबा! कुठे आहात? आई कुठे आहे?"

"ही काय, शेजारी. झोपलेल्या बुद्धासमोर बसलो होतो दोघं. इतकं शांत वाटलं गं, उठावंसंच वाटेना."

"भांडला नाहीत?"

"छे! पण बाहेर येतो तर चपला गायब. चारही!"

आईने फोन ओढून घेतला. "चोरीला जाऊ नयेत म्हणून यांची एक नि माझी एक, अशा जोड्या लावल्या होत्या. एक जोडी पुढच्या दाराशी, दुसरी यांनी देवळाला वळसा घालून मागच्या दाराशी ठेवली. तुळजापूरला ठेवतो तशी. तरी शोधून शोधून नेल्या मेल्याने."

इशिताने डोळे पुसले. खरं सांगावं की नाही, तिला ठरवता येईना.

"जाऊ दे ना आई, नवीन घेऊ."

"अशी कशी जाऊ देऊ? कित्येक वर्षांनी आमचं दोघांचं एका गोष्टीवर एकमत झालंय."

"कशावर?"

"चोर मराठीच आहे! ही युक्ती दुसऱ्या कोणाला कळायची नाही. आता अनवाणी पोलिसांकडेच निघालोय, तसं लिहून द्यायला."